सेवाग्राम ते शेगाव रिले: धावायच्या आधी आमचे घोळ वाचून घ्या

मागच्या हिवाळ्यात आम्ही दहा जण सेवाग्रामहून शेगावपर्यंत रिले पळालो. गावातल्या अभ्यासिकेचं छत गळते, पोलीस भरतीची पोट्टी पावसाळ्यात तिथं छत्री घेऊन बसतात, त्याच्यासाठी पैसे जमवायचे होते. वर्धा, आर्वी, कौंडण्यपूर, मोझरी, अमरावती, वलगाव, दर्यापूर, अकोट आणि मग शेगाव, सगळं धरून पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतून फोन येतात की भाऊ आम्हालेही काढायची आहे, कसं केलं तुम्ही? प्रत्येकाला तेच तेच सांगून थकलो म्हणून एकदाचं लिहून टाकतो. कसं केलं यापेक्षा काय काय बिघडलं हेच यात जास्त आहे.

रिले पळताना मोडत नाही बाप्पा, बदलीच्या जागी मोडते. आमचे जेवढे घोळ झाले त्यातले पळता पळता झालेले तीन-चार असतील, बाकी सगळे एकाने दुसऱ्याच्या हातात दांडा द्यायचा तिथं, नाहीतर दांडा घ्यायला तिथं कोणी नव्हतंच म्हणून. तर बूट कोणते घ्यायचे यावर एक संध्याकाळ घालवा आणि बदलीच्या जागांवर दहा.

आधी हिशोब. २७५ किलोमीटर, एका किलोमीटरला ७ मिनिटं धरली तं ३२ तास होतात. आम्ही एवढंच धरलं, शनिवारी सकाळी ६ ला निघायचं आणि रविवारी दुपारी २ ला शेगावात. पण ५ किलोमीटरचा एक टप्पा धरला की ५५ टप्पे होतात, आणि प्रत्येक बदलीला पाणी पी, दांडा दे, फोटो काढ, जॅकेट काढून दुसऱ्याला दे, यात ५ मिनिटं कुठं गेली कळत नाही. ५५ गुणिले ५ म्हणजे साडेचार तास! ते कागदावर कुठंच नव्हते. आम्ही पोहोचलो संध्याकाळी ७ ला. २ वाजता बोलावलेले ढोलवाले ४ ला दुसऱ्या सुपारीवर निघून गेले आणि हार घेऊन फक्त माझा मावसभाऊ उभा होता, तोही कारण गाडी त्याची होती.

बदलीची जागा ठरवताना नुसतं गावाचं नाव कधीच लिहू नका. आपल्याकडं गाव वेगळं आणि फाटा वेगळा, फाट्यापासून गाव दोन-तीन किलोमीटर आत असते. आमच्या यादीत नुसतं गावाचं नाव होतं, टीममधले गुरुजी इमानदारीत गावात जाऊन शाळेच्या पायरीवर बसले आणि टीममधल्याच वहिनी पळत पळत फाट्यावर आल्या तं तिथं एक म्हैस आणि बंद पानठेला. नेटवर्क नाही. शेवटी त्या बिचाऱ्या पुढचाही टप्पा स्वतःच धावल्या, आणि गुरुजींना दोन दिवस तोंडावर काही बोलल्या नाहीत हे जास्त भारी पडलं. तसंच खुर्द आणि बुद्रुकचं. एकच नाव, मधात नाला, एक जण या काठाला वाट पाहते आणि दुसरा त्या काठाला. तर जागा म्हणजे वस्तू लिहायची: एसटीचा निवारा, पाण्याची टाकी, पेट्रोल पंप, पुलाचा शेगावकडचा टोक. आठ दिवस आधी दोघांनी मोटरसायकलवर सगळा रस्ता फिरून प्रत्येक जागेचा फोटो काढा, तो ग्रुपवर टाका, आणि वरून कागदावर प्रिंट काढून दोन्ही गाड्यांत ठेवा, कारण ज्या जागी तुम्हाला फोटो पाहायचा असतो नेमकं त्याच जागी रेंज नसते.

मॅपवर तं अजिबात सोडू नका. आर्वीच्या पुढं मॅपनं आमच्या मागच्या गाडीला चार किलोमीटर वाचवून दिले आणि पांदण रस्त्यात घातलं. दोन दिवस आधी अवकाळी पाऊस पडलेला होता. आपली काळी माती ओली झाली की काय करते हे आपल्याला कोणी सांगायची गरज नाही, पण मोबाईलला कोण सांगेल! गाडी बसली ते बसली, ढकलायला उतरलेल्या तिघांच्या बुटाला दोन-दोन किलो गारा चिकटला, आणि त्यातल्या एकाचा पुढचाच टप्पा होता. एका शेतकरी दादानं बैलजोडी लावून गाडी बाहेर काढून दिली, पैसे घेतले नाही, फक्त विचारलं, "डांबरी सोडून इकडं कुठी आले होते गा तुम्ही?" उत्तर नव्हतं. प्रत्येकाकडं बुटाची दुसरी जोडी पाहिजे म्हणजे पाहिजेच, आणि गाडी डांबरी सोडणार नाही हा नियम.

रस्ता निवडताना आम्हाला अमरावतीहून मूर्तिजापूर-अकोला असा सरळ हायवे धरायचा मोह झाला होता. २०२२ च्या जूनमध्ये त्याच पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीजचा रेकॉर्ड झाला होता, रस्ता कसा असेल ते समजून घ्या. पण रस्ता जेवढा गुळगुळीत तेवढे ट्रक जोरात. मोझरी ते अमरावती चौपदरी आम्ही रात्री धावलो, तेवढ्यात जीव मुठीत आला, म्हणून पुढं वलगावहून दर्यापूरची वाट धरली ते बरं झालं. चौपदरीवर धावायचंच झालं तं सर्व्हिस रोड असेल तिथं तो धरा, नाहीतर पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, आणि कुठंही असा, समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या बाजूनं पळा. एक लक्षात ठेवा, जानेवारीत कापसाच्या गाड्या चालू असतात, गंजी दोन्ही बाजूनं बाहेर लोंबते आणि ड्रायव्हरला आरशात काहीच दिसत नाही, आणि ट्रॅक्टर-ट्रॉलीला मागचा लाईट असेलच याची गॅरंटी नाही. रेडियमचं जॅकेट आणि डोक्याचा टॉर्च संध्याकाळी ५ पासूनच चढवा. अंधार पडल्यावर घालू म्हटलं की जॅकेट दुसऱ्या गाडीत निघून गेलेलं असते.

आता टीम. गावात धावणारे कोण, तं पोलीस भरतीचे पोट्टे, आणि आमच्याही दहात सहा तेच होते. फिट पोरं, वाद नाही. पण भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं असते, वर्ष-वर्ष तेवढ्याचीच तयारी, त्यामुळं पायाला सवय तेवढीच. सेवाग्रामला नारळ फुटला आणि पहिला पोट्टा असा सुटला की जसा समोर फौजदार स्टॉपवॉच घेऊन उभा आहे. दोन किलोमीटरला त्याच्या पोटात कळ, साडेतीनला रस्त्याच्या कडेला बसला, वर्धा शहर यायच्या आधी आमचा पहिला माणूस गाडीत. आणि आमच्या वहिनी, चाळिशीच्या, रोज पहाटे शेतापर्यंत चालत जाणाऱ्या, एका लयीत ८ मिनिटांनी किलोमीटर टाकत गेल्या आणि शेवटी सगळ्यात जास्त किलोमीटर त्यांचेच भरले. तर महिनाभर आधी प्रत्येकाला एकदा तरी ६ किलोमीटर धावायला लावा, तीन-चार तासांनी त्याच दिवशी परत ६, आणि रात्री परत. रिलेत पाच-सहा वेळा थंड पडलेलं अंग घेऊन उठायचं असते, खरा त्रास तिथं आहे. भरतीच्या पोट्ट्यांना पहिल्या किलोमीटरला बोलत बोलत धावायची सक्ती करा. बोलता येत नसेल तं तो जोरात आहे.

कपड्यांचं थोडक्यात. कापसाच्या गावचा असून सांगतो, सुती टी-शर्ट घालू नका, घामानं भिजला की वाळत नाही आणि छातीला घासून रक्त काढतो. मांड्यांना, काखेत, छातीला खोबऱ्याचं तेल किंवा पेट्रोलियम जेली लावा. नवीन बूट त्या दिवशी काढणाऱ्याला गाडीत घेऊच नका, आमच्याकडं एकानं केलं आणि आर्वीपर्यंत दोन्ही टाचांना फोड.

खाण्याचा घोळ मात्र सविस्तर सांगतो, कारण तो प्रेमातून होतो आणि त्याच्यावर इलाज अवघड आहे. कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर, वर्धा नदी ओलांडली की वऱ्हाड लागते आणि पाहुणचार सुरू. पुढच्या एका गावात आधी निरोप गेलेला होता की अभ्यासिकेच्या कामासाठी पोरं धावत येऊन राहिली, तं त्यांनी संध्याकाळी रोडगे लावले. वांग्याची भाजी, वरण, वरून तूप. आम्ही म्हणलं फक्त पाणी घेतो, तं एक आजी म्हणे, "पोट्टे उपाशी धावून रायले नं बाप्पा, जेवल्याबिगर कशे जाऊ देऊ?" आता आजीला काय सांगता. तीन रोडगे खाल्लेला आमचा पुढचा माणूस दीड किलोमीटरवर जाऊन सगळं शेताच्या धुऱ्यावर ठेवून आला, आणि त्याच्या मागचा त्याला पाहूनच गळला. त्या एका जेवणानं आमचा पाऊण तास खाल्ला. यावर आम्हाला सापडलेला उपाय असा: ज्यांचा टप्पा संपला तेच पंगतीला बसतील, ज्यांचा यायचा आहे त्यांना गाडीतून उतरूच द्यायचं नाही, आणि यजमानांना आदल्या दिवशीच फोनवर सांगायचं की बांधून द्या, आम्ही पुढं खाऊ. बांधून द्या म्हटलं की त्यांनाही वाईट वाटत नाही. टप्प्याच्या आधी केळी, गूळ-शेंगदाणे, तिवशाकडं संत्री मिळाली तं संत्र्याच्या फोडी, एवढं पुरे. तर्री-पोहे टप्पा संपल्यावर, आधी नाही. हे मी अनुभवातून बोलतो, पुढचं विचारू नका.

पाण्याचं त्याहून महत्त्वाचं. दर्यापूर ते अकोट आणि खाली शेगावकडं येईपर्यंत पूर्णेचं खोरं म्हणजे खारपाणपट्टा, जमिनीखालचं पाणी खारट. तिकडच्या लोकांना हे जन्मापासून माहीत, आमच्या वर्ध्याकडच्या दोन पोरांना नव्हतं. रविवारी सकाळी उन्हं चढली, कॅन संपले, त्यांनी रस्त्याच्या हातपंपावर बाटल्या भरल्या, चव लागली तरी तहानेत ढोसलं, आणि अकोट यायच्या आत दोघंही पोट धरून. वलगाव सोडायच्या आधीच २० लिटरचे तीन-चार कॅन भरून घ्या, दहा माणसांना दुपारपर्यंत तेवढं लागतेच, नाहीतर गावातल्या आरओ प्लांटवरून घ्या. ओआरएसचं एक पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात टाकायचं, अर्ध्या ग्लासात घोळून औषधासारखं पिणारे लोक मी डोळ्यानं पाहिले आहेत, त्यानं फायद्याच्या जागी त्रास होतो. आणि नुसतं साधं पाणी लिटरवर लिटर पिणंही बरं नाही, घामातून मीठ जाते ते परत गेलं पाहिजे, पायात गोळे यायला लागले की मीठ-साखर-लिंबू घ्या आणि सावलीत बसा. जानेवारीतही दुपारी ऊन चांगलं ३० च्या घरात जाते, पहाटे मात्र दात वाजतात, म्हणून स्वेटर दोन्ही गाड्यांत. मार्चनंतर असा कार्यक्रम ठरवणाऱ्याला मी नमस्कार करतो आणि घरी जातो.

वलगावहून आठवलं. तिथं पेढी नदीच्या पुलाजवळ २० डिसेंबर १९५६ ला गाडगेबाबा गेले. आमचं पोरगं नेमकं त्या पट्ट्यात पाण्याचा प्लास्टिक ग्लास रस्त्यावर फेकून पुढं निघालं, तं गुरुजींनी गाडी थांबवून त्याला परत पाठवून उचलायला लावला, रात्रीच्या तीनला. पोट्टा चिडला होता. पण तेव्हापासून आम्ही डिस्पोजेबल ग्लास बंदच केले, प्रत्येकाची बाटली, त्यावर खडूनं नाव. कचऱ्याची पिशवी गाडीच्या आरशाला बांधा.

रात्रीचं. शक्यतो पौर्णिमेच्या जवळची तारीख धरा, टॉर्च बंद पडला तरी रस्ता दिसते. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर रात्री रस्ता ओलांडतात, एक रोही गेला की त्याच्या मागं अजून असतात, थांबा, टॉर्च मारा, सगळे जाऊ द्या. कुत्र्याच्या समोर पळू नका, उभे राहा, मागच्या गाडीला येऊ द्या. आणि चावलंच तं हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही, साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात लस सुरू करायची, रिले गेली खड्ड्यात. वाटेतले आरोग्य केंद्र कुठं कुठं आहेत ते बदलीच्या कागदावरच लिहून ठेवा, १०८ सोबत.

पण आमचा खरा रात्रीचा किस्सा रोह्याचा नाही. मावसभाऊ लघवीला म्हणून अंधारात शेताच्या धुऱ्याकडं गेला आणि एकदम असा ओरडला की आम्हाला वाटलं वाघ आला. शेताच्या कुंपणाला जनावरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या ताराला लागला होता, आता नेमकं काय लागलं ते त्याच्या इज्जतीसाठी लिहीत नाही. तिकडं जागलीवर बसलेला शेतकरी टॉर्च घेऊन धावत आला, त्याला वाटलं डुक्कर सापडलं. हसून हसून आमची पुढची बदली दहा मिनिटं लेट. हसण्यासारखं एवढ्यासाठी की ते मशीनचं तार होतं, त्याचा झटका थांबून थांबून येते. काही लोक चोरून सरळ लाईनचा करंट तारात सोडतात, त्यात माणसं मेलेली आहेत. म्हणून रात्री कोणीही डांबरीच्या खाली उतरणार नाही, जे करायचं ते पेट्रोल पंपावर किंवा बस स्टँडवर, आणि लाज वाटत असेल तं गाडीच्या आडोशाला.

गाड्या दोन पाहिजे. एक धावणाऱ्याच्या मागं इंडिकेटर लावून, दुसरी पुढं जाऊन पुढचा माणूस उतरवते. सोपं वाटते नं? मोझरीच्या पुढं दोन्ही ड्रायव्हरभाऊंना एकाच वेळी चहाची तलफ आली, दोन्ही गाड्या एकाच टपरीवर, आणि मधल्या अंधारात आमचा पोट्टा एकटा, बदलीला पोहोचला तं समोर कोणी नाही आणि मागंही कोणी नाही. नियम करा: मागची गाडी कधीच पुढं जाणार नाही, काही झालं तरी. आणि ड्रायव्हरही टीमच धरा, प्रत्येक गाडीला दोन-दोन, सहा तासांनी बदली. धावणारा झोपेत चालला तं फार तं नाल्यात जाईल, ड्रायव्हर झोपला तं सगळेच.

दांडा म्हणजे बॅटन. स्टेडियममधलं २८ ते ३० सेंटिमीटरचं असते, आम्ही ठिबकच्या फिटिंगवाल्याकडून तेवढाच पीव्हीसी पाईपचा तुकडा आणला, भगव्या-हिरव्या टेपनं गुंडाळला, आतमध्ये शाळेच्या पोरांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या. भारी दिसत होता. अमरावती सोडल्यावर तो गायब. कोणी म्हणे मी त्याला दिला, तो म्हणे मी सीटवर ठेवला. रात्री दोनला रस्त्यावर भांडण! शेवटी वहिनींनी शेजारच्या शेतातली एक तुराटी मोडून हातात दिली आणि म्हणाल्या, "चला आता." शेगावपर्यंत तुराटीच धावली. तुम्ही दांडे दोन करा, आणि धावून आलेल्यानं तो फक्त पुढच्या धावणाऱ्याच्याच हातात द्यायचा, गाडीत ठेवायचा नाही, फोटोसाठी सुद्धा नाही.

पैशाचा घोळ सगळ्यात लाजिरवाणा. आम्हाला भारी आयडिया सुचली, टी-शर्टच्या पाठीवर यूपीआयचा क्यूआर कोड छापायचा, लोक स्कॅन करतील. आता धावणाऱ्या माणसाची पाठ स्कॅन करायची तं त्याच्या मागं मोबाईल धरून पळावं लागते! एक काका खरंच पळाले, पन्नास मीटर. वरून घामानं कपडा चिकटला की कोड वाकडा. कोड गाडीच्या मागच्या काचेवर आणि बदलीच्या जागी पुठ्ठ्यावर लावा. आणि कोड कोणाच्या पर्सनल खात्याचा नको, आमचा सुरुवातीला एका पोट्ट्याच्या खात्याचा होता, त्याच खात्यातून त्याचा मोबाईलचा हप्ता कापल्या गेला आणि गावात कुजबुज सुरू, बिचारा पोरगा रडकुंडीला आला. तुमची संस्था रजिस्टर नसेल तं वर्गणी गोळा करायला धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी आधीच काढा. देणगीवरच्या करसवलतीची मान्यता (८०जी) असलेल्या संस्थेमार्फत करत असाल तं देणाऱ्याला सांगा की २००० रुपयांच्या वर रोख दिले तर त्यावर करसवलत मिळत नाही, ऑनलाईन किंवा चेक द्या. रोख पैशाला पावतीबुक, डबा दोन माणसांजवळ, आणि रोज रात्री मोजून ग्रुपवर आकडा. वाटेतल्या पोलीस ठाण्यांना आठवडाभर आधी पत्र द्या, आमच्या पत्रामुळं दोन ठिकाणी चौकात आम्हाला वाट करून मिळाली.

तारीख ठरवताना माघ वद्य सप्तमी पाहून घ्या, गजानन महाराजांचा प्रगटदिन. त्या आठवड्यात शेगावचे सगळे रस्ते पायी दिंड्यांनी भरून जातात. आम्ही आधी गेलो तरी एक दिंडी अकोटच्या अलीकडं भेटलीच, आणि आमचा भरतीवाला पोट्टा तिच्यात असा मिसळला की मागच्या गाडीला सापडेना. हातात तुराटी, कपाळाला बुक्का, एका चहाच्या स्टॉलवर निवांत उभा. म्हणे माऊली म्हणून बोलावलं, नाही कसं म्हणू?

शेवटच्या टप्प्याचं एकच सांगतो. पूर्णा ओलांडली की सगळ्यांना वाटते झालं, आणि सगळे दहाही जण खाली उतरून सोबत धावायला लागतात. छान दिसते. पण थंड पडलेले पाय एकदम पळवले की पोटऱ्या धरतात, आमच्यातले दोघं तसेच लंगडत मंदिरापर्यंत गेले. शेवटचा एकच किलोमीटर सोबत या आणि चालत या. कचोरी त्यानंतर. आणि त्या रात्री परत निघू नका, कितीही कोणी म्हटलं सकाळी कामावर जायचं आहे. जागरणानंतरची परतीची गाडी ही पूर्ण रिलेपेक्षा धोक्याची आहे. भक्तनिवासाची चौकशी आधी करून ठेवा.

आम्ही थांबलो. ड्रायव्हरभाऊ दुसऱ्या दिवशी साडेनऊला उठले, गाडी झाडायला घेतली, आणि त्यांच्याच सीटखालून पीव्हीसीचा दांडा निघाला, चिठ्ठ्यांसकट. वहिनींनी तो पाहिला, गुरुजींकडं पाहिलं, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा त्यांच्याशी बोलल्या, "घ्या गुरुजी, आता तरी फाट्यावर उभे राहाल."